वडगावातलं विणकर जोडपं: लघुपटाच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर, पटकथा

गोष्ट पक्की झाली. बेळगावच्या वडगावात राहणाऱ्या आप्पांची हयात आधी हातमागावर, मग यंत्रमागावर गेली. आक्का सुताच्या कांड्या भरायची. मागाच्या खडखडाटानं आप्पांचे कान गेलेत. आक्काला कन्नड वाचता येत नाही आणि घरात येणारा प्रत्येक सरकारी कागद कन्नड. तो आप्पा वाचून दाखवतात. दारावर कोण आलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, हे आक्का त्यांना सांगते. पन्नास वर्षांच्या संसाराची ही वाटणी. लांबी २२ मिनिटं.

पहिल्या खर्ड्यात तरुणपणाची दृश्यं होती: लग्न, पहिला माग, पहिलं मूल. ती सगळी काढली. एवढ्याशा लांबीत दोन माणसांसाठी चार नट आले की बघणारा ओळख लावत बसतो, शिवाय जुने कपडे आणि जुनं सामान यांचा खर्च वेगळा. लांबचा संसार सवयींतून दिसतो. आप्पांचा उजवा कान त्यातल्या त्यात बरा, म्हणून आक्का पूर्ण चित्रपटात त्यांच्या उजव्या हाताला बसते. जेवताना, ओट्यावर, दवाखान्याच्या बाकावर सगळीकडे. हे कुणीही बोलून दाखवायचं नाही.

२० ऑक्टोबर, आप्पांचे कान

नटांशी बोलण्याआधी हे नीट समजून घेणं गरजेचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यावर ऐकण्यात पहिली खाच साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास पडते, मग ती दोन्हीकडे पसरते. वयानं वरचे स्वर आणखी जातात. याचा परिणाम ‘सगळं हळू ऐकू येतं’ असा होत नाही. माणूस म्हणतो, आवाज येतोय, पण काय बोलतायत ते कळत नाही. अ, आ, ओ असे स्वर आणि म, न, ल, व टिकतात. स, श, च, त, क, प पुसट होतात. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज आधी हरवतो.

त्यावरून एक दृश्य मिळालं. आक्का ताट मागते, आप्पा पाट आणून ठेवतात. त, प आणि ट यांत त्यांना फरक लागत नाही, मधला ‘आ’ तेवढा पोचतो. आक्का काही न बोलता पाटावर बसते आणि ताट स्वतः घेते. हे हसवण्यासाठी नाही. तिनं दुरुस्त करणं कधीच सोडून दिलंय, एवढं त्यातून कळलं की दृश्याचं काम झालं.

नटाला दिलेल्या सूचना: दर वाक्याला ‘आँ?’ म्हणायचं नाही. कमी ऐकणारा माणूस बहुतेक वेळा ऐकल्यासारखं करतो, मान हलवतो, इतर हसले की अर्ध्या क्षणानं हसतो, प्रश्नाला अंदाजानं उत्तर देतो. तो समोरच्याच्या डोळ्यांकडे कमी आणि ओठांकडे जास्त बघतो. मागाच्या शेडमध्ये काम केलेल्यांना ही सवय आधीपासूनच असते, कारण तिथं सगळेच हात आणि ओठ बघून बोलतात.

यातून संपूर्ण चित्रपटाचा नियम ठरला. आक्काचं तोंड उजेडात असेल तर आप्पांना कळतं. ती पाठमोरी किंवा अंधारात असेल तर कळत नाही. काय कळू द्यायचं आणि काय नाही, हे ती उभं राहण्याच्या जागेवरून ठरवते. कॅमेरा, दिवे, आवाज, सगळं याच नियमावर बेतायचं.

२७ ऑक्टोबर, तालीम

आप्पांचं काम करणारे नट नाटकातले, कान उत्तम. त्यांना फोमचे बोळे घालून तालीम घेतली. परिणाम उलटा आला, त्यांचा आवाज खाली गेला. कारण साधं आहे. कान बंद केले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून माणूस हळू बोलतो. आप्पांसारख्याचा आतला कानच थकलेला असतो, त्याला स्वतःचा आवाजही कमी येतो, म्हणून तो मोठ्यानं बोलतो.

बोळे काढले. त्याऐवजी इअरफोनमध्ये मागाचा आवाज मध्यम पातळीवर लावून संवाद म्हणायला लावले. गोंगाटात बोलणारा आपोआप आवाज चढवतो, शब्द लांबवतो, तोंड जास्त उघडतो. काही तालमींत हा ढंग अंगात बसला, मग इअरफोनही काढले. चित्रीकरणात काहीच लावलं नाही.

भाषेबद्दल: आक्का नवऱ्याला ‘अवं’ म्हणते आणि क्रियापद आदरार्थी, ‘जेवलासा?’, ‘आलासा?’. आप्पा ‘अगं’वर भागवतात. पुण्याच्या वळणाचे ‘अहो, ऐकलंत का’ दोन ठिकाणी राहिले होते, ते काढले. वाक्याच्या शेवटचा ‘की’ मात्र मोजून ठेवला. प्रत्येक ओळीला लावला तर बेळगावची नक्कल वाटते.

३० ऑक्टोबर, तारखा

बेळगावात काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. त्याच्या आगेमागे शहरात बाहेरचं चित्रीकरण ठेवू नये, रात्री आवाजही मिळत नाही. दुसरं म्हणजे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, जे बहुतेक डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. त्या काळात लॉजच्या खोल्या आणि भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर चढलेले. म्हणून बाहेरगावचे तंत्रज्ञ अधिवेशनानंतरच्या आठवड्यांत बोलावले.

म्हातारे नट असतील तर दिवसाला चार तासांच्या वर काम लावू नये. सकाळी नऊ ते अकरा, मग जेवण, औषध, झोप, पुन्हा तीन ते पाच. मधला वेळ हातांचे, वस्तूंचे जवळचे शॉट घेण्यात जातो, वाया जात नाही.

५ नोव्हेंबर, जागा

वडगावच्या गल्लीतलं खरं विणकराचं घर दिसायला हवं तसं, पण तिथं संवाद रेकॉर्ड होणार नाही. शेजारचे माग दिवसभर चालू. एका शेडचा आवाज भिंतीतून येतो, जमिनीतून वेगळा येतो. गादी टेकवून भिंतीतला कमी होतो, जमिनीतला होत नाही. शेजाऱ्यांना माग बंद ठेवायला सांगायचं तर तेवढ्या वेळात निघालं असतं त्या कापडाची मजुरी भरून द्यायला हवी, आणि ती द्यायलाच हवी. दोन दृश्यांसाठी ते परवडतं, पूर्ण चित्रपटासाठी नाही.

तोडगा: गल्ली, ओटा आणि शेड वडगावची, आतलं घर खानापूर तालुक्यातलं, बंद पडलेलं, मातीच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचं. दोन्ही एकच वाटावं म्हणून तीन गोष्टी जुळवल्या. दाराच्या चौकटीचा रंग. उंबऱ्याची उंची, कारण नट पाय उचलतो तो दोन्हीकडे सारखा दिसायला हवा. खानापूरच्या उंबऱ्यावर दोन इंचांची फळी ठोकावी लागली. आणि बाहेरचा आवाज: आतल्या प्रत्येक दृश्याखाली वडगावच्या मागांचा दबका आवाज नंतर घालायचा. त्यामुळे आत पूर्ण शांतता मिळवणं आणखी गरजेचं झालं.

१८ नोव्हेंबर, उजेड

स्वयंपाकघरात एक लहान खिडकी, तीही उत्तरेला. मोठा एलईडी दिवा आत ठेवला तर सावल्या भिंतीवर चढतात आणि घर खोटं दिसतं. दक्षिणेकडच्या उतारावरची दोन कौलं काढून काचेची बसवली. बसवणाऱ्याच्या मजुरीसह खर्च ९०० रुपये. या सगळ्या कामात एवढ्या कमी पैशात एवढं काम देणारी दुसरी वस्तू नाही.

दक्षिणेचा उतार मुद्दाम निवडला. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ५१ अंशांवर असतो. उत्तर उतारावर कौल बसवलं असतं तर ऊन फार तिरपं लागून कवडसा फिका पडला असता.

अडचण अशी की कवडसा चालतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, अर्ध्या तासात उजेडाचा चौकोन चुलीवरून भिंतीवर जातो आणि एका दृश्याचे दोन शॉट जुळत नाहीत. म्हणून ज्या दृश्यात कवडसा दिसायलाच हवा ते एका दमात घ्यायचं, बाकी वेळी कौलाच्या खाली ट्रेसिंग पेपर ताणून उजेड पसरवायचा. कागद कौलाला चिकटवू नये, उन्हानं चिकटपट्टी सुटते आणि तो ऐन शॉटमध्ये खाली येतो. काठ्यांची चौकट करून तिच्यावर ताणावा.

आक्काच्या उभं राहण्याच्या दोन जागा जमिनीवर खडूनं आखल्या. एक कवडशाच्या कडेला, तिथं ओठ स्पष्ट दिसतात. दुसरी चुलीकडे तोंड करून, तिथं फक्त पाठ आणि अंबाड्याची कड.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची. ही जोडी ठेवली की ट्यूबलाइटचा झगमगाट पकडला जात नाही. स्वस्त एलईडी बल्ब काही केल्या लुकलुकतात, ते आधी फोनच्या स्लो मोशनमध्ये बघून बाद करावेत.

२६ नोव्हेंबर, कन्नड कागद

आप्पा वाचतात ती विणकर कर्जाच्या थकबाकीची नोटीस. ते ती मोठ्यानं वाचून मराठीत सांगतात, पण माग जप्त करण्याची ओळ गाळतात. आक्काच्या पाठमोऱ्या बोलण्याला हा आप्पांचा जबाब आहे: तिच्याकडे अंधार, त्यांच्याकडे कन्नड.

मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून लिहून घेतला. तो नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आला. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताच अक्षरांच्या जागी चिन्हं. युनिकोडमध्ये बदलून घेतला, तरी जोडाक्षरं तपासायला परत पाठवावा लागला. छापण्याआधी हे करा. पडद्यावर पाच सेकंद दिसणारा कागद सीमाभागातला प्रेक्षक वाचतोच. कागदावर राजमुद्रा किंवा खऱ्या कार्यालयाचं नाव घालू नये; मुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. नुसतं शीर्षक, तारीख आणि गोल शिक्का पुरतो. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कॅमेऱ्यात नाटकी दिसला. खिशात घडी करून काही दिवस वागवलेला जास्त खरा वाटतो.

२२ डिसेंबर, आवाज

आक्काचा माइक ठरेपर्यंत पहिली सकाळ गेली. छातीवर लावलेल्या लहान माइकवर मंगळसूत्राचे मणी आपटतात. मणी सरकवून चालत नाही, मान वळली की परत येतात. मंगळसूत्र काढून ठेवणं या बाईच्या बाबतीत शक्यच नाही. शेवटी माइक डाव्या खांद्यावर, पदराच्या निऱ्या जिथं पिनेनं धरल्या आहेत तिथं, आतल्या बाजूनं लावला. सर्जिकल टेपची तिकोनी घडी, चिकट बाजू बाहेर, मध्ये माइक. म्हणजे कापड माइकवर घासत नाही. नवं सुती लुगडं कांजीमुळे करकरतं, ते दोनदा धुऊन मगच वापरलं.

बांगड्यांचं वेगळं. हिरव्या काचेच्या बांगड्या वाजायलाच हव्यात, पण संवादावर नको. बोलताना हात स्थिर, शब्द संपला की हात हलेल, असं नटीशी ठरवलं. तिनं ते इतकं सहज केलं की बांगड्यांना स्वतःची लय आली. एकट्या बांगड्यांचा आवाज शेवटी वेगळा घेऊन ठेवला.

काठीवरच्या बूम माइकमध्ये आवाज घुमत होता, शेणानं सारवलेल्या जमिनीमुळे नाही, तर समोरच्या पत्र्याच्या दारामुळे. दारावर आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर वाकळी टांगल्या, घुमणं गेलं. वाकळी गावातून उसन्या मिळतात, साउंड ब्लँकेट भाड्यानं आणायची गरज नाही.

प्रत्येक खोलीत एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करावी, दिवे आणि माणसं जागेवर असतानाच. खोली रिकामी झाल्यावर घेतलेली शांतता जुळत नाही.

२६ डिसेंबर, कानाचं यंत्र

यंत्र कानामागचं, १३ नंबरची झिंक-एअर बॅटरी, नारिंगी स्टिकरची. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घालायची. एकदा हवा लागली की वापरा अथवा न वापरा, ती उतरतेच. तालमीला उघडलेली बॅटरी चित्रीकरणाला धरू नये.

यंत्राचा कानात घालायचा साचा सैल बसला की यंत्र शिट्टी मारतं. ज्याचे वरचे स्वर गेलेत त्याला बऱ्याचदा स्वतःच्या यंत्राची शिट्टी ऐकू येत नाही, घरातल्या सगळ्यांना येते. म्हणून दृश्य असं: आप्पा बोलत असतात, शिट्टी सुरू होते, आक्का बोलणं न तोडता हात पुढं करून बोटानं साचा दाबते, शिट्टी थांबते, दोघांचं चालू राहतं. संवादात त्याचा उल्लेख नाही. या चित्रपटात प्रेमाचं याहून मोठं दृश्य नाही आणि ते रुंद चौकटीतच ठेवलं, बोटाचा जवळचा शॉट घेतला नाही.

चालू यंत्राभोवती हाताची ओंजळ केली की शिट्टी हवी तेवढी मिळते. ती वेगळी रेकॉर्ड करून नंतर बसवली, प्रत्यक्ष दृश्यात यंत्र बंद.

४ जानेवारी, वडगावची शेड

मागाचा आवाज तीन ठिकाणांहून घेतला: मागाजवळून, शेडच्या दारातून, गल्लीच्या टोकाहून. जवळून घेताना गेन, म्हणजे रेकॉर्डरची आवाज घेण्याची पातळी, इतका खाली ठेवावा की धोट्याचा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. माइक मागाच्या लोखंडाला टेकलेल्या स्टँडवर लावला तर कंपन सरळ आत येतं. स्टँडखाली रबराचा तुकडा घालावा. काम करणाऱ्यांनी कान झाकून घ्यावेत, आपल्या लोकांनीही.

सर्वांत मोलाचा आवाज माग बंद होतानाचा निघाला. मोटरची वीज तुटते, पट्टा फिरत राहतो, दोन-तीन ठोके विरळ पडतात, मग लांबच्या शेडचे माग ऐकू यायला लागतात. बटण दाबलं आणि शांतता झाली असं होत नाही. संकलनात हा तुकडा कापू नये.

माग भंगारात जातो ते दृश्य खऱ्या भंगारातल्या मागावर घेतलं. आप्पा फक्त शेवटची कांडी काढून खिशात ठेवतात, एवढंच कागदावर होतं. नटानं धोट्यातून सुताचं टोक ओढून बघितलं, विणकर ओढतात तसं. ते ठेवलं.

९ जानेवारी, शेवटचं दृश्य

पहिल्या खर्ड्यात आक्का आप्पांना समोर बसून म्हणत होती, ‘तुमच्या आदी मी गेले तर दारावरची हाक तुमास्नी कोण सांगंल?’ वाचताना डोळ्यांत पाणी आणणारं, पडद्यावर जड. नट रडले, दृश्य बसलं नाही. ठरलेला नियमच त्यात मोडत होता: जी गोष्ट ती पन्नास वर्षं अंधारात बोलत आली ती आता उजेडात का बोलेल?

जागा बदलली. ती चुलीकडे तोंड करून, पाठमोरी, तेच वाक्य म्हणते, भाकरी थापण्याच्या लयीत. आप्पा मागे नोटीस घडी करतायत. मग ती कवडशात वळते आणि म्हणते, ‘दूध उतू गेलं.’ आप्पा ओठ बघतात. ‘राहू दे की, उद्या पुसू.’ एकाच शॉटमध्ये, कट न घेता, ५० मिमी लेन्स, कॅमेरा आप्पांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

भाकरी खरी थापायची तर शॉट घेताना दर वेळी ताजं पीठ मळावं लागतं. ज्वारीचं मळलेलं पीठ थांबलं की भाकरीला चिरा जातात. कॅमेरा फिरायच्या आधी गोळा तयार हवा, त्यासाठी एक बाई फक्त याच कामाला.

२ फेब्रुवारी, आवाजाचं मिश्रण

आप्पांच्या कानानं ऐकू येणारे भाग चार. नुसता आवाज कमी केला तर प्रेक्षक टीव्हीचा आवाज वाढवतो. वरचे स्वर काढले: १,५०० हर्ट्झपासून उतार, ४,००० ला जवळपास काही नाही. स्टुडिओच्या स्पीकरवर हुबेहूब. फोनवर लावलं तर चारही भाग मुके. फोनचा स्पीकर खालचे स्वर धड देत नाही आणि वरचे आपणच काढलेले, मग उरणार काय? फाइल बिघडली असं वाटतं. ४०० ते १,५०० हर्ट्झचा पट्टा ५ डेसिबलनं उचलला, उतार थोडा सैल केला. स्टुडिओत जरा कमी खरं, फोनवर ऐकू येतं. लोक बघणार फोनवरच.

एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा आवाजावर गेला. असा विषय घेणाऱ्यानं तो सुरुवातीलाच बाजूला काढावा, नाहीतर लेन्समध्ये संपतो.

१५ फेब्रुवारी, उपशीर्षकं

दोन प्रती: मराठी आणि कन्नड. एका ओळीत ४० अक्षरांच्या आत, एका वेळी दोनच ओळी, सहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मराठी प्रतीत आवाजही लिहिले, ‘माग थांबतो’, ‘यंत्राची शिट्टी’, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना ते ऐकू येणार नाहीत.

कन्नड अक्षरांच्या खाली येणारे ओत्तु, म्हणजे जोडाक्षरांचे खालचे भाग, दुसऱ्या ओळीवर चढत होते, ओळींतलं अंतर वाढवून सुटलं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघितलं तर काही संचांवर दोन्ही लिप्यांची जोडाक्षरं तुटतात. उपशीर्षकं वेगळी न देता चित्रातच छापली.

नोटिशीच्या कागदावर मराठी प्रतीत उपशीर्षक दिलं नाही. त्यावर दोन मतं झाली. देऊ नये हे बरोबर आहे: कन्नड वाचणारा आप्पांसोबत जाणतो, न वाचणारा आक्कासोबत राहतो, आणि एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळा चित्रपट दिसतो. पुढं माग न्यायला टेम्पो येतो तेव्हा सगळ्यांना कळतंच.

पण शेवटच्या पाठमोऱ्या वाक्याला दोन्ही प्रतींत उपशीर्षक आहे, पूर्ण, ठळक. ते प्रेक्षकाला कळायलाच हवं. आप्पांना कळत नाही, एवढंच.

उरलेलं काम: गल्लीतल्या प्रदर्शनासाठी वेगळं ध्वनिमिश्रण. मंडपाचे भोंगे मधले स्वर किंचाळून देतात, तिथं ४०० ते १,५०० चा उचललेला पट्टा परत खाली घ्यावा लागेल. माग बंद होतानाचा तुकडा आधी शेडच्या दारात, माग चालू असताना लावून बघायचा. तिथं कळला तर मंडपात कळेल.